मामांच्या चपलांची वेबसाइट: कीवर्ड काढून शब्द घालतानाच्या नोंदी

माझे मामा कोल्हापूरच्या सुभाषनगरात कोल्हापुरी चपला करतात. महाद्वार रोडजवळच्या एका बोळात त्यांचं छोटं दुकानही आहे. तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाकडून १८,००० रुपयांत वेबसाइट करून घेतली. तेव्हापासून मे २०२५ पर्यंत तिच्यावरून आलेल्या ऑर्डरी सात. मी दिवसभर शाहूपुरीत डीटीपीचं, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर मांडायचं काम करतो. संध्याकाळी आणि रविवारी ही साइट नीट करायला घेतली आहे. गूळ, मसाला, साज किंवा चपला विकणाऱ्या इथल्या कितीतरी घरांची साइट अशीच पडून असेल. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून चुका, खर्च आणि वाया गेलेला वेळ यांच्यासकट लिहून ठेवतोय.

रविवार, ११ मे २०२५

सुरुवात म्हणून मामांना होमपेज मोठ्याने वाचून दाखवलं. मजकूर असा होता: 'कोल्हापुरी चप्पल खरेदी साठी कोल्हापूर मध्ये सर्वोत्तम कोल्हापुरी चप्पल दुकान. आमची कोल्हापुरी चप्पल ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल आहे. स्वस्त कोल्हापुरी चप्पल किंमत साठी आजच संपर्क करा.'

मामांनी हातातली रापी (चामडं कापायचं हत्यार) खाली ठेवली. म्हणाले, "आरं, ह्यात माझं काम कुठं हाय?"

मोजून पाहिलं. १९० शब्दांच्या पानात 'कोल्हापुरी चप्पल' २३ वेळा. चामडं कुठलं, कमावतात कसं, शिलाई कशाची, यातलं काहीच नाही. पूर्ण पान सिलेक्ट केल्यावर तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत आणखी चार ओळी सापडल्या, त्यातही तेच शब्द. शिवाय 'कोल्हापुरी चप्पल पुणे', 'कोल्हापुरी चप्पल नाशिक' अशी बारा गावांची बारा पानं. गावाचं नाव सोडलं तर अक्षर न् अक्षर सारखं.

कीवर्डचा, म्हणजे लोक गूगलमध्ये टाइप करून शोधतात त्या शब्दांचा असा भरणा, लपवलेला मजकूर आणि गावागणिक काढलेली नकली पानं, ही तिन्ही कामं गूगलच्या स्पॅम धोरणात नाव घेऊन नोंदवलेली आहेत. पानाच्या कोडमध्ये मेटा कीवर्डचा टॅगही होता (वाचकाला न दिसणारी, सर्च इंजिनसाठी शब्द लिहायची जागा), त्यात ८४ शब्द. वेब सर्चची क्रमवारी लावताना हा टॅग बघत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. म्हणजे साइट बनली तेव्हाच ते काम तेरा वर्षं शिळं होतं.

आज फक्त लपवलेल्या चार ओळी आणि तो टॅग काढला. वीस मिनिटांचं काम.

बुधवार, १४ मे

सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट कुठल्या शब्दांना कितव्या जागी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन, जोडायला बसलो आणि अडकलो. डोमेनची (साइटच्या नावाची) मालकी सिद्ध करायला डीएनएसमध्ये, म्हणजे ते नाव कुठल्या साइटकडे जातं त्याच्या नोंदवहीत, एक नोंद टाकावी लागते आणि त्याचं लॉगिन साइट करून देणाऱ्याकडे. फोन उचलत नाही. पुढे कळलं की डोमेनही त्याच्याच नावावर आहे.

सहा दिवस गेले. शेवटी दुसरी वाट धरली: होमपेजच्या कोडमध्ये पडताळणीचा टॅग टाकून साइट जोडली. डोमेन मामांच्या नावावर करून घ्यायला आणखी तीन आठवडे आणि १,४०० रुपये लागले. साइट करून घेत असाल तर डोमेन पहिल्या दिवसापासून स्वतःच्या ईमेलवर घ्या. मजकूर कधीही बदलता येतो. नाव दुसऱ्याच्या हातात असलं की सगळंच अडतं.

रविवार, २५ मे

कन्सोलमध्ये आकडे साचेपर्यंत हात बांधून बसण्यापेक्षा दुकानात जाऊन बसलो, वही घेऊन. सुट्ट्यांचे दिवस, अंबाबाईचं दर्शन करून येणाऱ्यांची गर्दी. गिऱ्हाईक काय म्हणतं ते जसंच्या तसं लिहायचं, एवढंच काम. मागचे दोन रविवार धरून ६४ प्रश्न जमले.

'चावत न्हाय न्हवं?' हा सगळ्यांत जास्त वेळा. त्याच्या खालोखाल 'भिजली तर चालती का?' बाहेरगावचे लोक विचारतात, 'ओरिजिनल कशी ओळखायची?' तरुण पोरं येतात ती 'कर्र कर्र वाजणारी आहे का?' म्हणत. एका बाईंनी पाय पुढे करून विचारलं, 'माझा पाय रुंद आहे, माझ्या मापाची मिळेल?' एका आजोबांनी चपलेचा कान, म्हणजे पट्टा ज्यातून जातो तो भाग, धरून ओढून पाहिला आणि विचारलं, 'वादीची शिलाई हाय का दोऱ्याची?'

'सर्वोत्तम कोल्हापुरी चप्पल दुकान' हे शब्द तीन रविवारांत एकाही माणसाच्या तोंडून आले नाहीत.

पुढच्या साऱ्या कामाचा पाया ही वही आहे. कीवर्डचं कुठलंही टूल उघडण्याआधी असे दोन-तीन दिवस काढा. टूल फक्त टाइप झालेले शब्द दाखवतं. पाय पुढे करून विचारलेला प्रश्न त्याच्यात नसतो.

बुधवार, ४ जून

आता आकडे दिसायला लागले. ते पक्के व्हायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून काल केलेला बदल आज शोधू नका. मी पहिल्या आठवड्यात रोज रात्री तेच करत होतो.

दिसलं ते असं. बहुतेक लोक रोमन लिपीत शोधतात. देवनागरीत शोधणारे कमी, पण त्यांचे शब्द जास्त नेमके: 'कोल्हापुरी चप्पल किंमत', 'कोल्हापुरी चप्पल कशी ओळखावी', 'नवीन चप्पल चावते उपाय'. आमची साइट यांतल्या बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या पानावर, म्हणजे कोणाच्याच नजरेला न पडणारी. फार थोड्यांनी केलेले सर्च गोपनीयतेसाठी कन्सोल दाखवत नाही. आमच्यासारख्या लहान साइटचा बराच भाग असा झाकलेला राहतो, म्हणून यादी छोटी दिसली तरी घाबरू नका.

गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्येही डोकावलो, कुठला शब्द किती शोधला जातो ते जाहिरातदारांना दाखवणारं साधन आहे ते. जाहिरातीवर पैसे खर्च केले नसतील तर तो नेमका आकडा देत नाही, 'शंभर ते हजार' असा पट्टा देतो. गूगल ट्रेंड्सवर शून्य ते शंभरचा आलेख येतो. तो तुलनेचा असतो, माणसं मोजलेली नसतात. दोन्हींतून एवढंच घेतलं की कुठला शब्द कुठल्यापेक्षा जास्त चालतो.

वही आणि ही यादी शेजारी ठेवली. दोन्हीकडे असलेले प्रश्न पाच: किंमत, ओळख, चावणं, पावसातली काळजी, माप. पाच प्रश्नांना पाच पानं. त्यापलीकडे काही लिहायचं नाही असं ठरवलं.

रविवार, ८ जून

आजचा पूर्ण दिवस एका वाक्यावर गेला. नोंदही त्यामुळे लांबणार आहे, कारण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला इथे ठेच लागणार.

माणूस टाइप करतो 'कोल्हापुरी चप्पल किंमत'. दुकानात तोच माणूस विचारतो, 'ह्या चपलेला किती पडतात?' मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की शब्द वाकतो. चप्पल, पण चपलेची, चपलेला, चपलांचं. कोल्हापूर, पण कोल्हापुरात. इंग्रजीतल्या सल्ल्यात 'शोधलेले शब्द जसेच्या तसे वापरा' असं असतं. तिथे ते चालून जातं, कारण तिथले शब्द असे वाकत नाहीत. आपण तो सल्ला मराठीत तसाच उचलला की 'कोल्हापूर मध्ये', 'खरेदी साठी', 'चप्पल किंमत बद्दल' अशी हाडं मोडलेली भाषा तयार होते. जुन्या होमपेजवर तेच झालं होतं. शब्द अखंड राहावा म्हणून प्रत्यय तोडून लांब बसवले होते.

मीही सकाळी तेच केलं. मथळा लिहिला: 'कोल्हापुरी चप्पल किंमत बद्दल संपूर्ण माहिती'. मामींनी वाचला. त्या वेणी विणत होत्या, चामड्याच्या बारीक पट्ट्या पायाच्या अंगठ्यात अडकवून. हात न थांबवता म्हणाल्या, "किंमत बद्दल न्हवं, किमतीबद्दल. आणि संपूर्ण माहिती कशाला? किंमत का पडती ती सांग की."

त्यांचं ऐकून मथळा झाला: 'कोल्हापुरी चपलेची किंमत कशावर ठरते?' खाली मामांनी सांगितलं ते लिहिलं. चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं आहे का, तळाला थर किती, वेणी किती पदरी, शिलाई चामड्याच्या वादीची की दोऱ्याची आणि एका जोडाला किती दिवस लागले. प्रत्येक गोष्टीने किंमत किती वाढते ते आमच्या दुकानाच्या दरांत.

भीती एकच होती. 'चप्पल किंमत' हे शब्द पानावर जसेच्या तसे कुठेच नाहीत, मग गूगलला सापडेल का? म्हणून थोडी परीक्षा घ्यायचं ठरवलं. किमतीचं पान असं सरळ मराठीत. पावसातल्या काळजीचं पान तीन आठवडे जुन्याच ताठ भाषेत ठेवायचं. ही काही प्रयोगशाळा नाही, दोन वेगळे विषय आहेत. पण अंदाज येईल.

रविवार, १५ जून

कारागिराचे शब्द घालायचे की नाहीत यावर मामांशी बोललो. कोल्हापुरात चपलेला पायताण म्हणतात. कान, अंगठा, पट्टा, वेणी, तळ हे तिचे भाग. कापशी हा तिचा एक घाट, म्हणजे घडण. बाहेरचं गिऱ्हाईक यातलं फारसं काही शोधत नाही, कन्सोलमध्ये 'पायताण' महिन्यात चार वेळा आलं. आकड्यांवर गेलो असतो तर हे शब्द गाळले असते.

मामांनी एक जोड समोर ठेवला आणि बोटाने दाखवत गेले. "ह्यो कान. ह्येच्यातनं पट्टा जातो. कान कच्चा असला की पट्टा ढिला पडतो आणि पाय निसटतो. लोक म्हणत्यात चप्पल सैल झाली. चप्पल सैल न्हाय, कान गेला." हे कळल्याशिवाय 'चप्पल सैल झाली तर काय करावं' याचं उत्तर लिहिताच आलं नसतं. शोधणारा 'सैल' म्हणतो, करणारा 'कान' म्हणतो. पानावर दोन्ही हवेत: मथळ्यात आणि पहिल्या ओळीत शोधणाऱ्याचा शब्द, उत्तरात करणाऱ्याचा. 'कान' पहिल्यांदा आला तिथेच फोटो घालून बाण दाखवला.

फोटोंच्या वर्णनाच्या जागी सगळीकडे 'कोल्हापुरी चप्पल १', 'कोल्हापुरी चप्पल २' होतं, ५३ फोटोंना. ते बदलून काय दिसतंय ते लिहिलं: 'तीन पदरी वेणीची पुरुषांची कापशी, बाजूने'. ज्याला फोटो दिसत नाही आणि फोन वाचून दाखवतो, त्याच्यासाठी ती जागा आहे. दीड तास लागला.

गुरुवार, १९ जून

माझ्या धंद्यातली चूक, म्हणून जास्त लागली.

साइटवरच्या नऊ पानांत चपलांच्या प्रकारांची चांगली माहिती होती, मामांच्या जुन्या पत्रकातली. तरीही त्यातला एकही शब्द सर्चमध्ये उमटत नव्हता. आज मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तेव्हा उलगडा झाला. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत नाही! पत्रक जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बसवलेलं, मीच कधीकाळी. त्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. माणसाला 'चप्पल' दिसतं, सर्च इंजिनला निव्वळ अक्षरांचा चुरा. रोज हे फॉन्ट हाताळणाऱ्या मला ते महिनाभर लक्षात आलं नाही, कारण स्क्रीनवर सगळं नीट दिसत होतं.

कन्व्हर्टरमधून काढलं तर ऱ्हस्व वेलांट्या एक अक्षर पुढे सरकलेल्या, रफार भलतीकडे, 'ऱ्या'चे तुकडे. 'हिरडा' ठीक आला, 'शिवलेली' वाचता येईना. दोन संध्याकाळी दुरुस्त्या करून कंटाळलो आणि सरळ नव्याने टाइप केलं. एकूण ११ तास.

तुमच्या साइटवर जुन्या पत्रकांतून उचललेला मजकूर असेल तर एक ओळ कॉपी करून फोनवरून कोणाला तरी पाठवा. तिकडे मराठी दिसली तर ठीक. व्हॉट्सअॅपच्या बॅनरसारखे मजकुराचे फोटो टाकले असतील तर तीही माहिती टाइप करून घाला.

शनिवार, २८ जून

२२ तारखेला मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आठवडाभर सगळीकडे तीच चर्चा. गल्लीत, पेपरात, फोनवर. कारागिरांचं नावही न घेतल्याचा राग सुभाषनगरात खरा आहे, आमच्या घरातही आहे.

त्या रागात आणि थोड्या लोभात मी एक काम केलं. सहा चपलांच्या पानांच्या मथळ्यांत त्या कंपनीचं नाव घातलं. लोक शोधतायत, तर आपण दिसू.

रविवार, ६ जुलै

दिसलो. आठ दिवसांत इम्प्रेशन, म्हणजे सर्चमध्ये आपली साइट दिसल्याच्या वेळा, जवळपास तिप्पट, क्लिकही वाढले. ऑर्डर एकही नाही. आलेले लोक बातमी शोधत होते. त्यांना मापांचा तक्ता आणि किंमत दिसली, ते परत गेले. दोघांनी फोन करून विचारलं, तुम्ही त्या कंपनीला माल देता का? मामांना 'नाही' म्हणावं लागलं. आपल्या मालाबद्दल खोटी समजूत करून देणारा मथळा मी लावला होता, आणि त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागलं. फोन ठेवल्यावर ते काही बोलले नाहीत. त्याच रात्री सहाही मथळे जुन्या रूपात आणले.

त्या शब्दाबद्दल आपल्याला सांगण्यासारखं काही असेल तरच तो आपल्या पानावर यावा. आमच्याकडे सांगण्यासारखं होतं ते खरी कोल्हापुरी ओळखायची कशी हे. ते पान नीट करायला घेतलं.

परीक्षेचं काय झालं तेही आज पाहिलं. 'कोल्हापुरी चप्पल किंमत' या सर्चला सरळ मराठीतलं पान सरासरी ३१ व्या जागेवरून १४ व्या जागेवर आलं. पानावर 'चपलेची किंमत' आहे, 'चप्पल किंमत' नाही, तरीही. ताठ भाषेतलं काळजीचं पान होतं तिथेच आहे. भाषेमुळेच झालं असं छातीठोक म्हणता येणार नाही, पानावरची माहितीही वाढली होती. पण शब्द वाकवल्याने नुकसान झालं नाही, एवढं मला पुरेसं होतं. काळजीचं पानही आज बदललं.

रविवार, १३ जुलै

बारा गावांची बारा पानं काढली. पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने: त्यांतलं कुठलंही उघडलं की होमपेजच उघडेल असं सगळ्यांना वळवलं. चार दिवसांनी कन्सोल त्यांतली बरीच पानं 'सॉफ्ट ४०४', म्हणजे उघडतं पण हवं ते पान तिथे नाही, म्हणून दाखवायला लागला. पुण्याला चप्पल मागवायला आलेल्या माणसाला होमपेजवर त्याचं उत्तर मिळत नव्हतं, त्यामुळे ते वळवणं धरलं गेलं नाही. मग 'चपला घरपोच कशा मागवायच्या' असं एक खरं पान लिहिलं: कुरिअरला किती दिवस, किती खर्च, माप चुकलं तर बदलून कसं मिळेल. बाराही पानं तिकडे वळवली. हे आधीच सुचलं असतं तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

पाऊस जोरात आहे, दोनदा वीज गेली. कमावलेलं चामडं वाळत नाही म्हणून मामांचंही काम मंद. बसून बोलायला वेळ आहे त्यांना.

रविवार, २७ जुलै

'ओरिजिनल कशी ओळखायची' यावर आमच्याच साइटवर तीन पानं निघाली. साइट करून देणाऱ्या माणसाने एकेका शब्दाला एकेक पान केलं होतं: 'खरी', 'ओरिजिनल', 'अस्सल'. एकाच प्रश्नाची तीन दुबळी उत्तरं. कधी एक पान वर येई, कधी दुसरं, टिकत एकही नव्हतं. तिन्ही एक केली. मथळ्यात 'अस्सल', पहिल्या परिच्छेदात 'ओरिजिनल' आणि 'खरी' आपोआपच आले, कारण माणूस बोलताना हे तिन्ही शब्द वापरतोच.

मसुद्यात मी लिहिलं होतं, 'अस्सल कोल्हापुरी फक्त कोल्हापुरातच बनते'. वाक्य जोरदार, शोधायच्या शब्दांना धरून. मामांनी थांबवलं. "आथणी, निपाणीकडं बी बनतंय. तिकडनं आपल्याकडं माल येतोय. त्यांचं नाव कशाला खायचं?" आणि कागदावरही तेच आहे. २०१९ सालच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. वाक्य काढलं, आठही जिल्ह्यांची नावं घातली. आठवडाभर आपल्या लोकांचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून चिडलेलो मी दुसऱ्या कारागिरांचं नाव गाळायला निघालो होतो.

याच पानाला प्रश्नोत्तरांचं खास कोड जोडण्यात एक संध्याकाळ घालवली. कुठल्यातरी जुन्या व्हिडिओत पाहिलं होतं की त्याने सर्चमध्ये खाली प्रश्न उघडतात. ऑगस्ट २०२३ मध्येच गूगलने ते सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइटपुरतं केलं होतं. व्हिडिओची तारीख बघायला हवी होती.

रविवार, १७ ऑगस्ट

पानांचे पत्ते देवनागरीत ठेवले होते, वाचायला छान दिसतात म्हणून. गूगलला ते चालतात. अडचण निघाली व्हॉट्सअॅपवर. पत्ता कॉपी करून पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची दोन-अडीच ओळींची माळ होते. मामांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने ती लिंक फसवणुकीची समजून उघडलीच नाही. आमचे निम्मे लोक व्हॉट्सअॅपवरूनच येतात, म्हणून पत्ते छोटे आणि रोमन केले, जुने नव्यांकडे वळवले. पत्त्यात कीवर्ड कोंबले नाहीत, दोन-तीन शब्द पुरतात. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवरून येत नसेल तर देवनागरी पत्ता ठेवायला हरकत नाही.

मथळ्यांचीही, म्हणजे सर्चच्या यादीत पानाचं नाव म्हणून यायला कोडमध्ये लिहिलेल्या ओळींचीही एक गोष्ट लक्षात आली. उभ्या रेघा देऊन चार-चार शब्दगट भरलेले जुने मथळे गूगल दाखवतच नव्हतं, पानावरचं मोठं शीर्षक उचलून लावत होतं. साधे, एका प्रश्नाचे मथळे लिहिल्यापासून बहुतेक जसेच्या तसे दिसतात.

रविवार, ७ सप्टेंबर

सगळ्यांत जास्त चाललेलं पान किमतीचं नाही, 'नवीन कोल्हापुरी चावते तेव्हा' हे आहे. त्यात विकत घ्या असं कुठेच म्हटलेलं नाही. मामी दुकानात सांगतात तेच: पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून रात्री खोबरेल लावा, पहिले चार दिवस घरातच तासभर घाला, कातडी सोलली असेल तर भरेपर्यंत थांबा. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा चुलीपाशी नको, वाळल्यावर तेल. पानात 'चावते' चार वेळा आहे. ते मी आत्ता नोंदीसाठी मोजलं, लिहिताना मोजलं नव्हतं.

नाशिकहून एका ताईंचा फोन आला. चप्पल त्यांनी दुसरीकडून घेतली होती, ती चावत होती. पान वाचून तेल लावलं, बरं वाटलं आणि आता मुलासाठी जोड हवा होता. मामी त्यांच्याशी वीस मिनिटं बोलत होत्या.

हिशेब: मेपासून आजवर क्लिक महिन्याला ४० वरून २६० वर. ऑर्डरी चार महिन्यांत एकोणीस. खर्च: डोमेनचे १,४००, होस्टिंगचे २,९००, फोटोंसाठी एका पोराला १,५००. माझे तास सुमारे १२०, त्यातले निदान ३५ चुकांमध्ये गेले.

रविवार, ५ ऑक्टोबर

दसऱ्याची गर्दी ओसरल्यावर होमपेज पुन्हा मामांना वाचून दाखवलं. 'कोल्हापुरी' आता पाच ठिकाणी आहे. पहिलं वाक्य: 'सुभाषनगरातल्या आमच्या घरात तीन पिढ्या चपला होतात, हाताने कापलेल्या, वादीने शिवलेल्या.' मामांनी पूर्ण ऐकलं. मग फोन मागून घेतला, चष्मा लावला आणि स्वतः वाचलं.

"'होतात' न्हवं," म्हणाले. "'करतो' लिही. आमी करतो."

बदललं. आता पाचांतलं मापाचं पान उरलंय. पाय पुढे करून विचारणाऱ्या त्या बाईंना मामांनी तेव्हा कागदावर पाय ठेवायला सांगितलं होतं आणि पेन्सिलने कडेने रेघ मारली होती. पुढच्या रविवारी तसंच माझ्या पायाचं माप घेणार आहेत, फोटो काढत काढत. कन्सोलमध्ये 'रुंद पाय चप्पल' महिन्यात नऊ वेळा आलंय.